तुमचं नाव गाळलेलं नाही, याबाबत

पळसदरी, बुधवार

आदरणीय चंदरमामा यांस,
भाचा जगदीश याचा सविनय जय भीम.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आवडीमामींचं बीपी कसं आहे, हे फोनवरच विचारणार होतो. पण तुम्ही माझा फोन उचलत नाही आणि अभ्यासिकेचा ग्रुपही सोडलात, म्हणून पत्र लिहितोय. (दीप्ती तुमच्या बाजूला चौक गावच्या शाळेत शिकवायला येते, तिच्या हाती पाठवतोय. वाट वाकडी करून ती लोधिवलीला मामींकडे देईल. तिला काही बोलू नका, माझ्याशी लग्न करण्यापलीकडे तिचा यात काही दोष नाही.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत.

मुद्दा असा, की फळीवरून तुमचं नाव गाळलेलं नाही. मी ग्रुपवर टाकलेला पहिला फोटो मोठा करून पाहिलात (आता मामींच्या फोनवर पाहावा लागेल), तर सगळ्यात खाली डाव्या कोपऱ्यात एक खड्डा दिसेल. ते तुमचं नाव. 'चंदर तुकाराम ओव्हाळ', आडनावासकट, एकही काना-मात्रा कमी नाही. फक्त सगळी अक्षरं एकाच जागी आहेत, एकावर एक.

हे कसं झालं ते शांतपणे वाचा. विहाराशेजारच्या अभ्यासिकेसाठी ज्यांनी अंगमेहनत केली त्या अकरा जणांची नावं लाकडात कोरून दारावर लावायची असं ठरलं, आणि माझं यंत्र ते करेल असं मी सभेत बोलून बसलो. (हौसेपोटी घेतलेलं ते सीएनसी यंत्र तुम्ही पाहिलंय. खाटेखाली मावतं. संगणकावर लिहायचं, फिरतं पातं ते लाकडात कोरतं.) नावं कामाच्या क्रमाने घेतली. पाया खणणारे नवशाकाका आधी, विटा वाहणारा मी मध्ये कुठेतरी, विजेचं काम करणारे तुम्ही शेवटी. यात मानापमान नव्हता. पायाच्या आधी वायरिंग होत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. पण यंत्राच्या मोटरी ज्याच्या हुकमावर चालतात तो कंट्रोलर बोर्ड, हातरुमालाच्या घडीएवढा, तासाभरात तापतो. दहाव्या नावापर्यंत त्याला हात लावला तर चटका बसतो. अकराव्याला उजवीकडे सरकवणारी मोटर मान टाकते. बाकीच्या मोटरी इमानदारीने आपापलं काम करत राहतात. म्हणजे नाव चालू असतं, पण पुढे जात नाही.

तेव्हा बोर्डाला फॅन हवा. कर्जतच्या बाजारातल्या संगणक दुरुस्तीवाल्याकडून एक जुना आणला. त्यावर बारा व्होल्ट लिहिलं होतं. आमच्या यंत्राचा पुरवठा चोवीसचा. आधी मोजायचं, मग जोडायचं, हे तुम्हीच मला शिकवलंत. मी आधी जोडलं. फॅन अतिशय सुंदर फिरला, एवढ्याशा फॅनचा एवढा वारा मी आयुष्यात खाल्लेला नाही. मिनिटभराने धूर आला. घरात जळक्या प्लास्टिकचा वास दोन दिवस होता. दीप्तीने यंत्र उचलून ओटीवर ठेवलं.

मग चोवीसचा मागवला. तो फिरेचना. सदोष माल म्हणून परत पाठवायला खोक्यात भरला, चिकटपट्टीसुद्धा लावली, आणि तेव्हा आठवलं की लाल वायर आपण उणेला दिली होती. असले फॅन उलटे जोडले तर उलटे फिरत नाहीत, नुसते गप्प बसून राहतात. (हा स्वभाव माझ्या आजोळचा.) वायरी बदलल्या, फॅन फिरला, दुसरी फळी लावली. पण मी तो बसवला होता पात्याच्या बाजूची हवा ओढेल असा. दहा नावांचा भुसा त्याने शिस्तीत बोर्डावर आणून पसरला आणि त्या पांघरुणाखाली बोर्ड पहिल्यापेक्षा जास्त तापला. तुमचं नाव पुन्हा एकाच जागी आलं, या खेपेला आरपार. बाकीची दहा नावं फार सुबक आली होती, म्हणून मी याचाही फोटो टाकला. पहिला पाहून तुम्ही गप्प राहिला होतात. दुसरा पाहून ग्रुप सोडलात.

त्यानंतर मामींचा फोन आला. म्हणाल्या, "जगदीश, त्यांनी जेवण नाय सोडलं रं, पन बोलनं सोडलंय. म्हनतात, एकदा चूक समजू, दुसऱ्यांदा भोक पाडतात व्हय? रविवारी उद्घाटनाला नाय जायचं म्हनतात." ऐकून मला फार वाईट वाटलं. खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झालात तेव्हा पुन्हा पक्कड हातात धरणार नाही म्हणाला होतात. ती अभ्यासिकेतल्या पोरांसाठी धरलीत आणि दुखऱ्या गुडघ्याने चार रविवार शिडीवर उभे राहिलात. त्या खोलीतले बाराही दिवे तुम्ही लावलेत. ती तुमच्याशिवाय उघडली तर त्या दिव्यांखाली मी कोणत्या तोंडाने उभा राहू?

राग कमी झाला असल्यास कळवावे. नसल्यासही कळवावे.

आपला भाचा,
जगदीश

ता.क. आता फॅनची बाजू तेवढी फिरवायची आहे. ते मला येतं. तरी शनिवारी मीटर आणि पक्कड घेऊन तुम्ही आलात तर बरं होईल, कारण सागवानाची एकच फळी उरलीय.

ता.क. २. हे पत्र दीप्तीने वाचलं. म्हणाली, "बोर्ड शेवटी तापतो ना? मग मामांचं नाव आधी कोर की." खालचं नाव आधी कोरता येतं, हे तीन आठवडे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. फॅनची गरजच नव्हती. वरचं ता.क. रद्द समजावं.

ता.क. ३. गुरुवार. फॅन काढून ठेवला आणि शेवटची फळी कोरली. बोर्ड थंड असताना तुमचं नाव सगळ्यात आधी घेतलं, ते रस्त्यावरून वाचता येतं. माझं सगळ्यात शेवटी ठेवलं, ते एकाच जागी आलंय. दुसरी फळी नाही, रविवारी हीच लागणार. हा खड्डा कुणाचा, असं येणारे-जाणारे विचारतील. मी स्वतः सांगणं बरं दिसत नाही. तुम्ही दाराशी उभं राहून सांगा, की हा माझा भाचा.