खट वाजलं, गोळी नाही सुटली

ता. ३ नोव्हेंबर, सोमवार
पयला आला तो गुलाबराव, बोरी अरबचा. फौजेतून आलेला, मिशी अजून तशीच, दात मात्र नवे. बायको माहेरी जाऊन बसली म्हणतात. अर्धाच कप चहा द्या म्हणे अन् दोनदा पिला.
आमच्या बुढ्याचं, माह्या मालकाचं, पिस्तूल पाहाले आलता. बुढा जाऊन दीड वर्ष झालं. पोरानं, संजूनं, परवाना आपल्या नावावर केला, बंदुकीच्या दुकानात जमा होतं ते पिस्तूल मागच्या हप्त्यात घरी आलं. आता संजू म्हणते, माय, मले नाही पाहिजे हे घरात. गुलाबरावजवळ परवाना हाय, त्याले द्यायचं चाललं.
पण त्यानं हातात घेतलं अन् नाकच मुरडलं. "वैनी, ह्या बनावटीचं काही खरं नाही. चाप जड, मॅगझीन ढिली, ऐन टायमाले धोका देते. माह्याजवळ हेच होतं, काढून टाकलं तवा सुटलो."
म्यां विचारलं, घोडा पडते अन् गोळी सुटत नाही, असं होते काय?
"होते ना! माह्यासंगं दोनदा झालं."
मले असा आनंद झाला का तिसऱ्यांदा चहा मांडला. त्याले नको होता तरी.
कारण बुढा हेच सांगे. बारा वर्षं झाली. कापसाचा अडत्या माणूस, दारव्ह्याहून पैसे घेऊन येत होता, संगं धाकटे भाऊ वामनभाऊजी. रस्त्यात चौघांनी गाडी अडवली. बुढ्यानं पिस्तूल काढलं. "खट वाजलं, गोळी नाही सुटली." त्यायनं सळाखीनं भाऊजीचा पाय मोडला. अजून लंगडतात. ठाण्यात गोळी न भरताच चाप ओढून पाह्यला, चांगला वाजला. झालं. पिस्तूल चांगलं, म्हणजे माणूस भित्रा. भाऊजी म्हणाले, दादानं चाप ओढलाच नाही. तवापासून आमच्या घरचं पाणी नाही पिले. बुढ्याच्या मयतीलेही फाटकापासून वापस गेले.

ता. ४, मंगळ.
सकाळीच सगळ्या गल्लीत सांगून आली. कौसल्या कापूस वेचाले निघाली होती, म्हणे, "घाबरला असन बुढा. माणूसच होता तो, त्यात काय?" हसली. तिचा स्वतःचा नवरा उंदराले भेते.
सूनबाईच्या फोनवरून राळेगावले भाऊजीले लावला. "वैनी, बारा वर्षांनी पिस्तुलाची आठवण आली?" म्यां सगळं सांगतलं. म्हणे, गुलाबराव तं सगळ्याच गोष्टीले नावं ठेवते. कोणी जाणकार सांगन तं पाहू. अन् ठेवून देला.
कमरेले आज लय कळ हाय. थंडी पडून राह्यली.

ता. ६, गुरु.
गुलाबराव पुन्हा आला, संगं दारव्ह्याचे रहीमभाई. मोटारपंपाचे मेकॅनिक, बोलणं गोड. त्यायच्या जवळही हेच पिस्तूल, हीच बनावट.
"काकी, मेरे पास कितने साल से है. कभी धोका नहीं दिया. लोग बनावट को नाम रखते, तेल-पानी कोई नहीं करता."
गुलाबराव चिडला. "तुह्यं पिस्तूल पेटीतच राह्यते, ते कायले धोका देईन?"
"अन् तुह्यं तुह्या हातात होतं, म्हणून देला."
संजूही हसला. मले मात्र धाकधूक.
पेपर आंथरला. गोळी नाही ना, हे रहीमभाईनं दोनदा पाह्यलं, मंग खोललं. अंदर पिवळं, डिंकासारखं घट्ट. लाल कण. एक तांदळाचा दाणा निघाला.
"काकी, ये पिस्तौल है के कढ़ई?"
मंग वास घेतला अन् हसणं थांबलं. "जवसाचं तेल हाय. सुकलं का वार्निश होते, आपण दरवाजाले लावतो ते. घोडा पडते, पण गोळीले ठोकणारी पिन चिकटून बसते. खट वाजन, गोळी कायले सुटन? बुढेबाबा सच बोलते थे, काकी."
बारा वर्षं ज्याची वाट पाह्यली ते आयकलं.
मंग त्यायनं विचारलं, "पण तेल घातलं कोणं?"
म्यां म्हणलं, बुढ्यानंच घातलं असन.

ता. ७
काल रहीमभाईले खोटं सांगतलं.
वहीत तरी खरं लिहीन. दर दसऱ्याले मी पाटावर इळा, भाजी चिराची पावशी, कुऱ्हाड, शिलाई मशीन अन् हे पिस्तूल मांडो. हळद, कुंकू, अक्षता. वरून जवसाचं तेल, गंज चढू नये म्हणून. घरचंच जवस. बुढा म्हणे, "अवं किती ओततं? वांगं हाय का ते?" मी म्हणो, तुम्ही गप ऱ्हा, तुमचा जीव राखते ते.
दुसरी गोष्ट त्याहून वाईट. एकदा भांडणात मीच म्हणलं, हात थरथरला असन तुमचा, चाप ओढलाच नसन, सांगून द्या ना एकदाचं. त्यानं ताट सरकवलं. मंग लोकायले सांगत राह्यला खट वाजलं म्हणून, मले कधीच नाही सांगतलं.

ता. ८, शनि.
गुलाबरावनं भाऊजीले कळवलं. त्याच्या पोटात काही राहत नाही. भाऊजीचा फोन आला, स्वतःहून, बारा वर्षांत पयल्यांदा.
"वैनी, म्हणजे दादानं चाप ओढला होता?"
"ओढला होता."
फोनात नाक ओढल्याचा आवाज आला. मले वाटलं रडतात. मंग म्हणे, "म्हणजे त्याच्याच हलगर्जीनं माहा पाय गेला. हत्याराची निगा नाही ठेवता येत तं जवळ बाळगाव कायले?"
फोन कानालेच होता. बोलाव वाटलं. तोंड उघडलंही. सूनबाई समोर भाजी निवडून राह्यली होती.
काल भित्रा होता, आज हलगर्जी झाला. मेल्यावरही त्याले बदनाम करणारी मीच.

ता. ९, रवि.
रहीमभाई म्हणून गेले, अंदरचं तेल पुसू नका, भाऊजीले आहे तसंच दाखवू. संजूनं कपाटात कुलुपात ठेवलं. तो दाणा म्यां पुडीत बांधून देवाजवळ ठेवला.
भाऊजीले जवसाची चटणी लय आवडे. पयले तं माह्याच हातची पाहिजे असे. करू का नको, समजून नाही राह्यलं, ताटात जवस दिसलं का तेल कोणाच्या हातचं ते कळून जाईन. बरणी काढली, पुन्हा ठेवली.
मंगळवारी येतो म्हणाले, ११ ता., तिघंही. भाऊजी दहाच्या एस्टीनं.