तेरा लाखांचा आकडा आणि सभागृहाची जागा

मी, फ्लोरेन्सियो इक्स्कोय आहानेल, वय ८१, धंदा घोंगड्या विणणे व पूर्वजांच्या पंचांगाने दिवस मोजणे, राहणार पाशिबाक, ग्वातेमाला, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो की, माझे गुडघे गेले आहेत, डोके नाही. शाळेत दोनच वर्षे गेलो. बाकीचे मागावर बसून शिकलो.

१. घर व मेंढ्या मुलगी तोमासाला. म्हातारपणी तिने मला गरम लापशी दिली आणि वर ऐकवले नाही.

२. मोठा माग मुलगा एव्हेलिओला. तो मास्तर आहे. विणेल न विणेल, त्याची मर्जी.

३. गाव बांधत असलेल्या सभागृहाची जागा. ती अजून माझ्याच नावावर आहे, हे गावाने विसरू नये. दारावरच्या दगडावर पूर्वजांचा मोठा आकडा कोरायचे पंचांनी ठरवले. जुन्या पोथीत तो पाच ओळींत, ठिपक्यांनी नि रेघांनी मांडला आहे: वरून नऊ, नऊ, सोळा, शून्य, शून्य. एव्हेलिओने वाचला १५,१८,४००. चूक आपल्याच माणसाची: बाजारात मका मोजावा तशी त्याने तिसरी ओळ वीस विसांची, म्हणजे चारशेची धरली. दिवस मोजताना ती तीनशेसाठची असते, आणि वरची प्रत्येक ओळ खालचीच्या वीस पट, म्हणून वरच्या दोन्हीही फुगल्या. खरा आकडा १३,६६,५६०.

भर सभेत मी उठलो.

"तात, बसा हो," एव्हेलिओ म्हणाला. "पूजेच्या चक्राच्या दोनशेसाठ दिवसांनी तुमचाही भागतो, माझाही. सूर्याच्या तीनशेपासष्टने दोन्ही. शुक्राच्या पाचशे चौऱ्याऐंशीनेही दोन्ही. उगाच कीस कशाला काढता?"

"मंगळाच्या सातशेऐंशीने भाग बघू."

"घरी जाऊन भागतो."

"घरी कशाला, मास्तर? फळा तुझ्या पाठीमागेच आहे!"

लोक हसले, तो चिडला. पंच म्हणाले, "तात, एवढा मोठा आकडा, कोण मोजायला बसलंय?"

मी बसलोय. ऐका. खरा आकडा सम आहे, संयुक्त आहे. त्याचे मूळ अवयव पाचच: दोन, तीन, पाच, तेरा, त्र्याहत्तर. त्याला पुरते भागणाऱ्या संख्या एकशे चव्वेचाळीस. तो स्वतः सोडून बाकीच्यांची बेरीज ३७,२४,३४४, त्याच्या अडीच पटीहून जास्त. अशा संख्येला विपुल म्हणतात. सगळे पाहुणे जेवून उठले तरी टोपलीत रोट्या उरतात, तशी. मास्तरच्या आकड्याला भागणाऱ्या चौऱ्याऐंशीच, आणि त्यात तीन नाही. अंकांची बेरीज करा, एकोणीस येते. सातशेऐंशीच्या पोटात तीन आहे. म्हणून मंगळ उंबऱ्यातच अडतो. ज्यांनी चार चक्रे एका आकड्यात बसवली, त्यांच्या नावाने आम्ही तीनच बसणारा दगड लावायचा? माझ्या जमिनीवर तरी नाही.

४. अट. दगडावर खरा आकडा कोरला तर जागा गावाची, कायमची. नाही तर ती तोमासाच्या मेंढ्यांची, मग भिंती छपरापर्यंत आल्या असल्या तरी. पंचांनी खुशाल कोर्टात जावे. मेंढ्यांना घाई नाही.

५. एव्हेलिओवर माझा राग नाही. पोर हुशार आहे, फक्त चारचौघांत चुकायला भितो. छिन्नीपाशी त्यानेच उभे राहावे.

आकडा: १३,६६,५६०. अक्षरी तेरा लाख सहासष्ट हजार पाचशे साठ. वर कुठेही खाडाखोड नाही.

ठिकाण पाशिबाक. दिवस आमच्या पंचांगाने आठ बात्झ, म्हणजे १८ ऑक्टोबर २०१५.

फ्लोरेन्सियो इक्स्कोय आहानेल

साक्षीदार:
दिएगो त्झोक, लोकर रंगवणारा.
कातारिना शिलोख, सुईण. सातशेऐंशीचा भाग मी स्वतः मक्याचे दाणे मांडून केला. एक हजार सातशे बावन्न वेळा गेला. बाकी शून्य.