ध्रुवच्या कॉम्प्युटरची पाणीपुरवठा योजना

जयनगर, बेंगळुरू
सोमवार, १५ सप्टेंबर

ती. स्व. दामोदरराव यांना त्रिविक्रमचा जयनगरहून नमस्कार.

आपला गुडघा आता कितपत वाकतो आणि सौ. ताईंची साखर उतरली की नाही, ते सविस्तर कळवावं. ताईंनी पाठवलेलं मेतकूट पोचलं. (खरं म्हणजे डबा पोचला. झाकण वाटेत सैल झाल्यामुळे मेतकूट बहुतांशी पार्सलच्या पुठ्ठ्यालाच मिळालं. झाकणाचे आटे शेवटपर्यंत फिरवायचे असतात, हे ताईंना आपणच सांगावं. साडवाने सांगितलं तर वाईट दिसतं.) आमच्याकडे सगळं क्षेम आहे. विद्याची पाठ मधूनमधून धरते, माझं ब्लडप्रेशर घराबाहेर पडलो नाही तर उत्तम असतं. फोन सोडून पत्र कशाला, असं आपल्याला वाटेल. आपण फोन स्पीकरवर टाकता, ताई स्वयंपाकघरातून ऐकतात, आणि ताईंनी ऐकलेलं सात मिनिटांत विद्याला कळतं. मी एकदा घड्याळ लावून मोजलं आहे. विषय नाजूक आहे, म्हणून कागद.

आमचा ध्रुव मारतहळ्ळीला राहतो हे आपण जाणताच. जयनगरपासून अंतर पंधरा किलोमीटर. वेळ मात्र आपल्याला मिरजेहून सांगलीला जाऊन, जेवून, परत यायला लागतो तेवढा. अजून न बांधलेल्या इमारतींची हलती चित्रं कॉम्प्युटरवर करायची, हे त्याचं काम. चार वर्षांपूर्वी कारखान्यातली इंजिनिअरची नोकरी सोडून त्याने हे धरलं, तेव्हा मी काही वाक्यं बोललो. (वाक्यं तांत्रिकदृष्ट्या बरोबर होती.) तेव्हापासून फोनवर आमच्या दोघांचं बोलणं त्याचं ‘आई आहे का?’ आणि माझं ‘देतो’ एवढ्यावर आलं. गणपती, दिवाळी आणि मिक्सर बिघडला तर, असा तो वर्षातून तीनदा यायचा. जेवायचा, आईशी बोलायचा, आणि चपला घालताना माझ्याकडे बघून ‘येतो’ म्हणायचा.

तर गेल्या फेब्रुवारीत, मिक्सर चांगला चालत असताना, हा एका रविवारी सकाळी हजर झाला आणि माझ्या खुर्चीसमोर उभा राहून म्हणाला, “बाबा, पंपाबद्दल जरा विचारायचं होतं.” दामोदरराव, मी चौतीस वर्षं कारखान्यात पंप आणि कूलिंगच्या चाचण्या घेतल्या. या चौतीस वर्षांत काय किंवा त्यानंतरच्या सात वर्षांत काय, घरातल्या एकाही माणसाने मला पंपाबद्दल काही विचारलेलं नाही. गच्चीवरच्या टाकीचा पंप जळाला तेव्हासुद्धा विद्याने प्लंबरला बोलावलं. मी खुर्चीतून उठलोच.

भानगड अशी आहे. या चित्रांच्या कामाने कॉम्प्युटर भयंकर तापतो. साधारण लोक आत पंखा बसवतात. पण हौशी लोक त्याच्या पोटातून पाणी खेळवतात. आत एक छोटी टाकी, एक पंप, तापणाऱ्या भागांवर तांब्याचे ठोकळे, मोटारीत असतो तसा रेडिएटर, आणि हे सगळं जोडणाऱ्या पारदर्शक नळ्या. तयार सीलबंद संच बाजारात मिळतो, पण ध्रुवला एकेक भाग निवडून, नळ्या स्वतः कापून-वाकवून करायचं होतं, आणि तेही आयुष्यात पहिल्यांदा. वीज आणि पाणी एकमेकांपासून लांब ठेवण्यात माझी हयात गेली, आणि माझाच मुलगा दोघांना एका खोक्यात घालायला निघालेला. मी अर्धा तास विरोध केला. मग माळ्यावरून ड्रॉइंग बोर्ड खाली काढला.

विद्याने पहिला प्रश्न विचारला तो पाणी कावेरीचं की बोअरचं. (आमच्या इमारतीत सध्या कोणत्याही गोष्टीची सुरुवात याच प्रश्नाने होते. उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा लोक वराती बघायला यावेत तसे गॅलरीत येतात.) एक लिटरसुद्धा लागत नाही, आणि तेही बॅटरीत घालतात तसलं डिस्टिल्ड, असं सांगितल्यावरच तिने परवानगी दिली. शेजारच्या गोदूबाईंनी मात्र ‘कॉम्प्युटरला नळाचं कनेक्शन घेताहेत’ अशी बातमी खालपर्यंत पोचवली आणि सोसायटीचे सेक्रेटरी भीमाचार्य चौकशीला आले. त्यांना मी ड्रॉइंगची पहिली आवृत्ती दाखवली. ते कॉफी पिऊन, ‘सरी, सरी’ (म्हणजे बरं, बरं) म्हणत गेले, आणि तेव्हापासून लिफ्टमध्ये मी असलो की जिन्याने जातात.

मग खरेदी. ध्रुव सगळं मोबाइलवर मागवणार होता. वस्तू हातात घेतल्याशिवाय मी मंजूर करत नाही, म्हणून आम्ही दोघं एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो. दुकानदार गिरीराज नावाचा सज्जन माणूस होता. त्याने नळ्या, जोड, रेडिएटर मांडले. मी जोडांचं टेस्ट सर्टिफिकेट मागितलं. तो म्हणाला, “सर्टिफिकेट इल्ला सार, बिल कोडतीनि.” (सर्टिफिकेट नाही, बिल देतो.) बिल आणि सर्टिफिकेट यांतला फरक मी त्याला समजावून सांगितला. तेवढ्यात त्याने स्वस्तातला म्हणून ॲल्युमिनियमचा रेडिएटर पुढे केला. तांब्याचा ठोकळा आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात ठेवले की ॲल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको, पण दुकानात कोणालाच ते सांगितलेलं दिसलं नाही. मी सांगितलं. बिलाच्या पाठीवर आकृती काढून सांगितलं. पाऊण तासाने पाहिलं तर नऊ-दहा तरुण मुलं भोवती उभी राहून ऐकत होती, एक जण टिपणं घेत होता, आणि ध्रुव मागे उभा राहून कोणाला तरी हळूच सांगत होता की हे माझे बाबा. मला फार बरं वाटलं, दामोदरराव. इतकं, की मी तांब्याचा रेडिएटर सर्टिफिकेटशिवायच मंजूर करून टाकला.

आता रव्याचं प्रकरण, जे विद्या ताईंना तिच्या पद्धतीने सांगेल, म्हणून खरी हकिगत आधी आपल्याकडे असावी. कडक नळी गरम करून वाकवली की कोपऱ्यात चेपते. ती चेपू नये म्हणून आत घालायला ध्रुवने रबराची एक दोरी मागवली होती. मी म्हटलं, दोऱ्या कसल्या, आमच्या कारखान्यात नळीत बारीक वाळू ठासून भरतात आणि मग वाकवतात. वाळू आणायला निघालो, तर कोपऱ्यावरच्या बांधकामावर नुसती दगडाची भुकटी. तिने नळीला आतून ओरखडे पडले असते. तेव्हा मी विचार केला की वाळूला पर्याय म्हणून बारीक, कोरडा, एकसारख्या दाण्याचा पदार्थ घरात कोणता, आणि विद्याचा चिरोटी रव्याचा डबा काढला. (तत्त्व बरोबर होतं. ते आजही बरोबर आहे.) नळी ठासून भरली, दोन्ही टोकांना बुचं मारली, ध्रुवने गरम हवेचं यंत्र धरलं, आणि मी असा सुरेख काटकोन वळवला की गुण्याने तपासला तरी फरक नाही. घरभर खमंग वास सुटला. विद्या आतून विचारायला आली की शिरा कोण करतंय. अडचण एवढीच झाली की रवा बाहेर येईना. मी नळी ठोकली, फुंकली, आणि शेवटी घाईत आत गरम पाणी सोडलं. गरम पाणी आणि भाजलेला रवा एकत्र आल्यावर काय होतं ते शाळेतल्या मुलीलाही माहीत असतं. मला त्या क्षणी आठवलं नाही. नळीत उपमा झाला. फुगला, घट्ट बसला, आणि एक बूच उडून सरळ फ्रिजला लागलं.

ध्रुव जमिनीवर बसून हसायला लागला. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी आधी रागावायच्या बेतात होतो, पण तो इतका हसत होता की मलाही आवरेना. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून हसत होतो आणि विद्या दारात उभी राहून दोघांकडे बघत होती. तो शाळेत असतानाही आम्ही असे हसलेले मला आठवत नाही.

नंतरचं काम शिस्तीत झालं. (रबराची दोरी चांगली चालते. हे मी लेखी देत आहे, पण फक्त आपल्याला.) जेवणाच्या टेबलावर आम्ही पंप आणि नळ्या जोडून, कॉम्प्युटरशिवाय, चोवीस तासांची गळती-चाचणी घेतली. प्रत्येक जोडाखाली क्रमांक घातलेला टिश्यू पेपर. चौदाव्या तासाला जोड क्रमांक चारखाली ओलावा सापडला. मी तत्काळ चौकशी बसवली, चौकशीत फक्त मीच होतो, आणि दोन पानी अहवालात असं निष्पन्न झालं की विद्याने कोथिंबीर धुऊन तिथेच ठेवली होती. त्या दिवशी आम्ही तिघं मांडीवर ताटं घेऊन जेवलो.

थोडक्यात, फेब्रुवारीपासून ध्रुव दर रविवारी येतो आहे. साडेनवाला येतो, इडली खातो, आणि आम्ही ड्रॉइंग पसरतो. आतापर्यंत ड्रॉइंगच्या नऊ सुधारणा झाल्या. सगळं सामान खोक्यात भरून पलंगाखाली तयार आहे. तो म्हणाला, बाबा, आता आयुधपूजेला चालू करू या. मीही हो म्हटलं. खंडेनवमीचा मुहूर्त यंत्राला चांगलाच. तेव्हा काळजीचं काही कारण नाही, काम पुरं होत आलं, आपल्या आशीर्वादाने सगळं व्यवस्थित पार पडेल. ताईंना नमस्कार सांगावा, आणि गुडघ्याला तिळाचं तेल चोळत राहावं.

आपला,
त्रिविक्रम

ता. क. मेतकुटाचा पुठ्ठा विद्याने अजून टाकलेला नाही. झटकून रोज थोडं निघतं.

ता. क. दुसरा. आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. ड्रॉइंग खरं म्हणजे तिसऱ्या सुधारणेतच, एप्रिलमध्ये, पूर्ण झालं होतं. पुढच्या सहा सुधारणांना काही अर्थ नाही. एकदा मी पंप डावीकडे नेला, दुसऱ्यांदा तो परत उजवीकडे आणला. सध्या पितृपक्षात नवं यंत्र जोडू नये असं सांगून दोन रविवार मिळवले आहेत. (पितृपक्षाबद्दलची माझी मतं आपण जाणता. मला लाज वाटते.) पण आयुधपूजेला मात्र यंत्र चालू होईल, आणि चालू झालं की त्याला रविवारी इथे यायचं कारण काय? मिक्सर मी मुद्दाम बिघडवू शकतो, पण तो वर्षातून एकदाच शोभतो. म्हणून विनंती अशी. आपण पाणीपुरवठा खात्यात तीस वर्षं निरीक्षक होता आणि आपल्या टेबलावरून आक्षेपाशिवाय एकही कागद पुढे गेला नाही. सोबत ड्रॉइंगची नक्कल जोडली आहे. तज्ज्ञ म्हणून त्यावर एक जबरदस्त आक्षेप काढून ध्रुवच्या नावाने पाठवावा. रेडिएटर वरून काढून पुढे बसवा, असं काहीतरी. म्हणजे सगळ्या नळ्या नव्याने वाकवाव्या लागतील. निदान दिवाळीपर्यंत पुरेल असं बघावं. विद्याला कळू नये. पाकीट मी स्वतः डिंक लावून बंद केलं आहे; ती भाजीला जाताना फक्त पोस्टात टाकेल.

ता. क. तिसरा, विद्याचा. भाऊजी, नमस्कार. डिंक यांनी लावला होता, पण इडलीच्या भांड्याच्या वाफेवर पाकीट धरलं की सुटतं. जूनमध्ये ध्रुवला ताप आला तेव्हा मी दोन दिवस मारतहळ्ळीला राहून आले. त्याच्या टेबलावर कॉम्प्युटर चालू होता आणि त्यात निळं पाणी छान फिरत होतं. मे महिन्यातच त्याने दुसरं सामान आणून जोडलंय, यांच्या ड्रॉइंगवरून, एका इंचाचाही फरक न करता. एक थेंब गळलेला नाही. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, “आई, बाबांना सांगू नकोस हं, मग रविवारी काय सांगून येऊ?” तेव्हा भाऊजी, आक्षेप काढाच, आणि दिवाळीपर्यंतचा नको, चांगला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरेल असा काढा. ताईला यातलं काही कळू देऊ नका. ती सात मिनिटांत मला सांगेल, तेव्हा हे शेजारीच बसलेले असतील.