एक मत कमी

२७ मे १९९१

आदरणीय फोर्तुनातोमामा,

तिकडे बेल्जियमात तुमचा खोकला कसा आहे, खाणीची पेन्शन वेळेवर येते का, आणि मामी अजून आपलं तेल सोडून लोण्यातच स्वयंपाक करते का (आईला जेवताना रोज याची काळजी लागते), ते कळवा. चार वर्षांत या घरातून तुम्हाला पत्र नाही, त्यामुळे पाकीट बघून कोणी गेलं की काय असं वाटलं असेल. कोणी गेलेलं नाही. फक्त बाबा काल दुपारपासून आज सकाळपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, आणि बाबा गप्प म्हटल्यावर आईने डॉक्टरला दोनदा बोलावलं.

झालं असं की नऊ जूनला सार्वमत आहे. आपण मत देताना पार्टीच्या चिन्हावर फुली मारून बाजूला चार उमेदवारांचे नंबर लिहितो ना, ते बंद करून एकच नंबर ठेवायचा का, हो की नाही. त्यावर काल मिस्सानंतर चर्चच्या हॉलमध्ये चर्चा होती. एका बाजूला पालेर्मोहून आलेल्या वकीलबाई (केस इतके बारीक कापलेले की पहिली दहा मिनिटं बायकांनी फक्त केसच बघितले), दुसऱ्या बाजूला तेलाच्या घाण्याचे मालक, आपले लिबोरिओशेठ. शेठ थोडक्यात बोलले. जूनचा रविवार आहे, पोरंबाळं घेऊन समुद्रावर जा, बस माझी, कलिंगडं माझी. (निम्म्याहून कमी लोक मतदानाला गेले तर सार्वमतच रद्द, हे ते बोलले नाहीत. कलिंगडांना टाळ्या पडल्या.)

मग बाईंनी खडू घेतला. म्हणाल्या, चार नंबर, आणि त्यांचा क्रम बदलत गेलं की शेकडो प्रकार होतात. पुढारी प्रत्येक घराला वेगळा प्रकार वाटून देतो, मोजणीला आपला माणूस बसवतो. आकडे मोठ्याने वाचले जातात, आणि कुठल्या घराने शब्द पाळला ते त्याला बसल्या जागी कळतं. गुप्त मतदान म्हणे.

हॉलभर माना खाली. मामा, मला वाटलं लोकांना लाज वाटली. कसली लाज! बेकरीवाली क्रोचिफिस्सामावशी उठली, तोंडावर पीठ उडाल्यासारखी पांढरी, आणि म्हणाली, "बाई, हे तुम्हाला सांगितलं कोणी? ही माझी आणि शेठची घरातली गोष्ट आहे." मागून नार्दो न्हावी म्हणाला, "तुझी कशी गं? नंबर तर मला दिलेत." आणि हळूहळू सगळेच एकमेकांकडे बघायला लागले. धक्का कशाचा बसला, तर शेठचा जीव फक्त आपल्याच घरावर नाही याचा.

आणि मग बाबा उठले. आईने कोट ओढला, तरी उठले. आपल्या घराचा क्रम, जो आईने फादरना कबुलीजबाबातही सांगितला नव्हता, तो भर हॉलमध्ये म्हणून दाखवला: सात, दोन, एकोणीस, चार. सत्त्याऐंशीला आमच्या घरातून चार मतं जायची होती, म्हणाले, कबरस्तानाच्या राखणदाराची जागा मला मिळणार होती, पण एक मत कमी पडलं आणि जागा गेली. ते मत मतदानाला बेल्जियमहून आलेल्या माझ्या मेव्हण्याने खाल्लं. (पुढे तुम्ही बेल्जियमला जाऊन कसे बिघडलात तेही सांगितलं. ते इथे लिहीत नाही, तुम्ही त्यांच्या तोंडून ऐकलेलं आहेच.)

मावशी हळू आवाजात म्हणाली, "साव्हेरिओ, ती जागा तर माझ्या पोराला कबूल केली होती. मलाही हेच सांगितलं. एक मत कमी. मी सुनेला घराबाहेर काढलं रे."

नार्दोने त्याच एका मतापायी चार वर्षं सख्ख्या भावाची दाढी केलेली नाही. मोजलं तर सहा घरं निघाली. एक कबरस्तान, सहा राखणदार, आणि सहाही घरांत एक मत कमी. (जागा शेठच्या पुतण्याला मिळाली. मोजणीला बसायचा तोच.) सगळा हॉल शेठकडे वळला. शेठ टोपी शोधत होते. म्हणाले, "माणसाला काहीतरी कारण द्यावं लागतं. नाहीतर त्याला वाईट वाटतं."

बाबा घरी आले ते खुर्चीत बसले. आज सकाळी मला म्हणाले, "त्याला लिही. चूक झाली म्हणावं. तूच लिही, माझं अक्षर चांगलं नाही." (गावातले अर्धे अर्ज त्यांच्या अक्षरात आहेत.) तर मामा, मतदानासाठी येणाऱ्यांना रेल्वे सवलत देतेय, आठ जूनला या. बाबा स्टेशनवर येणार आहेत. समुद्रावर आपल्या घरातलं कोणी जाणार नाही.

तुमची भाची,
तिंदारा

ता. क. आई म्हणते, या, पण लोणी आणू नका.

ता. क. २. इथपर्यंतचं बाबांना वाचून दाखवलं. डोळे पुसत बाहेर गेलेत. खालचं तुम्ही एकट्याने वाचा.

ता. क. ३. पाच घरांत शेठ खोटं बोलले. आपल्या घरात मात्र त्यांच्या तोंडून चुकून खरं निघालं. सत्त्याऐंशीला मी अठरा वर्षांची, पहिलंच मत, आणि अकरा नंबरवाल्याच्या पोस्टरवरच्या मिशा फार छान होत्या. मी एकच नंबर लिहिला. आता तेच करायचं का म्हणून अख्ख्या देशाला विचारतायत. चारही नंबर बरोबर लिहिले म्हणून तुम्ही याच स्वयंपाकघरात शपथ घेत होतात तेव्हा मी पाठमोरी भांडी घासत होते, आणि ती घासून झाल्यावर पुन्हा घासली. स्टेशनवर बाबा तुमच्या गळ्यात पडतील, माझंच चुकलं म्हणतील. त्यांना म्हणू द्या. खरं मी त्यांना सांगणार आहे, पण तुम्ही घरात असाल तेव्हा. एकटीने जमणार नाही.