बारावी ओळ

प्रिय शिम्ना,

पोस्टात जाऊन अंतर्देशीय पत्र मागितलं तर खिडकीतल्या मुलीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. शेवटी दुकानातून शाळेची वही आणली आणि तिची मधली पानं काढून हे लिहितेय. फोन करता आला असता. पण फोनवर या मानलेल्या मावशीला तू दर वेळी "इळेम्मा, आत्ता कामात आहे गं, मग बोलू" म्हणतेस, आणि ते मग काही येत नाही. शिवाय जे सांगायचंय ते बोलायला लागले की मी दुसरीकडेच भरकटेन. लिहितानाही भरकटेन म्हणा, पण पानं संपायच्या आत परत येईन.

आधी गावाकडची खबर. शेडच्या अर्ध्या भागात आता छत्र्या शिवतात. उरलेल्या अर्ध्यात एकवीस जणी विड्या वळतात, त्यात तुझी आई आहेच. पाथूचे गुडघे गेले, जीभ शाबूत आहे. वत्सन मास्तर वाचनालयाचे सेक्रेटरी झाल्यापासून इतके जपून वागतात की वर्तमानपत्राची घडी मोडायलाही त्यांना ठराव लागतो. यंदा फणस एवढे आलेत की गुरंसुद्धा तोंड फिरवतात.

आता भांडण. मी तुझ्यावर रागावले होते, हे तुला कळलंच असेल. तीन वर्षांपूर्वी तुमच्या संस्थेची माणसं आली आणि पंचक्रोशीतल्या तीनशे बारा बायकांना त्यांनी श्वास मोजायच्या नळीत फुंकायला लावलं. किती वर्षं विड्या वळता, घरात चूल की गॅस, कामात खंड पडला का, किती महिन्यांचा, सगळं विचारलं. तुझी आई पहिल्याच दिवशी इस्त्रीचं मुंडू नेसून रांगेत उभी. "माझ्या पोरीच्या ऑफिसची माणसं आहेत, नीट फुंका गं," म्हणून सगळ्यांना दम देत होती. तू आली नव्हतीस. तू बंगळूरला, नावं काढून टाकलेल्या आकड्यांची मांडणी करणारी. जाताना ती माणसं म्हणाली, काय निघालं ते कळवू. मग कोणी काही कळवलं नाही. दीड वर्षापूर्वी तुझा फोटो वर्तमानपत्रात आला, परदेशातल्या मोठ्या मासिकात तुमचा लेख छापून आला म्हणून. तुझ्या आईने, कौसूने, तो फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.

आम्ही तुझ्याकडे लेख मागितला. तू म्हणालीस, "इळेम्मा, तो आता मासिकाच्या मालकीचा आहे. सही केलीय मी. असा वाटता येत नाही." एकदा वाचायचे त्यांचे पैसे ऐकले, तर चार दिवस मान वर न करता विड्या वळाव्या लागतील. पाथू म्हणाली, "म्हणजे फुंकलं आपण, आणि आता आपलाच वारा विकत घ्यायचा?" सगळ्या हसल्या. तुझी आई हसली नाही. ती म्हणाली, "कायदा असेल काहीतरी. माझी पोर मुद्दाम लपवायची नाही."

मला मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. कारण वाचून दाखवणं म्हणजे काय, हे तुला तरी सांगायची गरज नव्हती. तू त्या शेडमध्येच वाढलीस. मी दहावी झालेली, आवाज खणखणीत, म्हणून अकरा वर्षं मला वाचायला बसवलं होतं. सकाळी वर्तमानपत्रं, जेवणानंतर कादंबरी, कधी संपाची पत्रकं, कधी तिकडच्या कुठल्या देशातल्या खाणकामगारांची हकिगत. मी वाचायचे आणि माझ्या वाटणीच्या विड्या सगळ्या मिळून वळायच्या. हात मांडीवरच्या सुपात, कान माझ्याकडे. ज्यांना स्वतःची सही येत नव्हती त्या बायका अर्थसंकल्पावर मंत्र्याला शिव्या घालायच्या, आणि त्या शिव्या बरोबर जागी बसायच्या. तुझी आई तर वाचता वाचता मला थांबवायची, "मागचं परत वाच, यात काहीतरी लबाडी आहे." तू तिच्या शेजारी पोत्यावर बसून पानाच्या कातरणाची बाहुली करायचीस. डॉक्टर झालीस, आकड्यांची का होईना, त्याचं बी तिथलंच आहे असं मला वाटतं.

वाचणाऱ्याला एकच नियम होता. गाळायचं नाही. मी तो एकदा मोडला. आखातात इमारत कोसळली होती आणि मेलेल्यांच्या यादीत पाथूच्या भावाचं नाव होतं. मी यादी सोडून पुढची बातमी घेतली. घरच्यांकडून कळू दे, असं मनात होतं. संध्याकाळी पाथूला कळलं. दुसऱ्या दिवशी ती शेडमध्ये आली, रडून डोळे सुजलेले, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माझ्या कानावर काय पडावं हे ठरवणारी तू कोण? मालक आहेस?" आठ दिवस माझी खुर्ची काढून घेतली आणि मला सूप दिलं. ठराव तुझ्या आईने मांडला होता, माझ्या सख्ख्या मैत्रिणीने. बरोबरच केलं तिने.

तर लेख आम्ही मिळवलाच. वत्सन मास्तरांचा एक जुना विद्यार्थी तिकडे परदेशात शिकवतो, त्याने पाठवला. मास्तर आधी पुष्कळ थरथरले, "कायद्याची भानगड आहे, नारायणी, वाचनालयाचं नाव जाईल." कौसू म्हणाली, "मास्तर, घाबरता कशाला? विचारलं तर सांगा, बायका आपापला श्वास परत मागत होत्या." मग त्यांनी महिनाभर बसून मल्याळममध्ये उतरवला, आणि तीन रविवार दुपारी मी तो वाचनालयात वाचला. कोरा चहा, उकडलेला कप्पा कंद, सत्तर बायका. शब्द अडला की मास्तर फळ्यावर फुफ्फुस काढून दाखवायचे, ते दोडक्यासारखं दिसायचं. शिम्ना, चांगलं लिहिलंयस तू. धूळ कशी आत जाऊन बसते, शेडची खिडकी कुठल्या बाजूला हवी, कुठल्या खोकल्यावर थांबायचं नाही. दुसऱ्या रविवारनंतर नऊ जणी जिल्ह्याच्या इस्पितळात जाऊन आल्या, दोघींना औषध लागू पडलंय. शेडला दक्षिणेकडून दोन खिडक्या पाडून घेतल्या, त्यासाठी युनियनच्या ऑफिसात मी आणि पाथू दोन तास ठाण मांडून होतो. हे सगळं दीड वर्ष आधी झालं असतं, एवढंच माझं म्हणणं होतं. नऊ जणींबरोबर तुझी आई मात्र गेली नाही. "मला काही असतं तर पोरीने सांगितलं नसतं का?" म्हणाली.

तिसऱ्या रविवारी शेवटचं कोष्टक आलं. सगळ्यात वाईट श्वास असलेल्या पंधरा जणींचं. नावं नाहीत, नुसत्या ओळी. मी आधी वाचून ठेवत नाही, शेडमधली सवय. दहावी वाचली, अकरावी वाचली. बारावीवर नजर गेली. वय साठ. काम त्रेचाळीस वर्षं. चूल. कामात खंड एकदाच, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, चौदा महिने. आणि शेवटच्या रकान्यात श्वास, शंभरातले छत्तीस, खाली बारीक अक्षरात, तातडीने उपचार हवेत.

चौदा महिने शेडमध्ये कोण आलं नव्हतं, हे तिथल्या प्रत्येकीला पाठ आहे. तू सात वर्षांची होतीस, काजूच्या झाडावरून पडून मांडीचं हाड मोडलं होतंस, आणि कौसू तुला पाठीवर घेऊन कोळिकोडच्या इस्पितळात आणि मग रोज शाळेत नेत होती.

मी तेरावी ओळ वाचली.

मला वाटलं, चहाच्या गडबडीत कोणाच्या ध्यानात आलं नाही. घरी जाताना चढावर तुझी आई दोनदा थांबली, कमरेवर हात ठेवून, आणि दुसऱ्यांदा थांबली तेव्हा म्हणाली, "नारायणी, अकरानंतर तेरा कधीपासून येतात? पंचविसाची जुडी बांधताना माझी एक विडी कधी चुकली नाही, आणि तू मला ओळ चुकवतेस?" मी म्हटलं, छापायचं राहिलंय. ती नुसती हसली. तिला खोटं कळतं, हे मला चाळीस वर्षं माहीत आहे.

त्या दिवसापासून माझा तुझ्यावरचा राग कुठेतरी गेला आणि भीती आली. तू दोन ओणमला घरी आली नाहीस. आईने लेखाबद्दल विचारलं की तुझा आवाज बदलतो, असं तीच म्हणते. म्हणून विचारते, तुला ती ओळ ओळखू आली होती का? आली नसेल, तर आकड्यांतून नावं काढून टाकण्याच्या तुमच्या नियमावर मी हवं तेवढं बोलेन. आली असेल, आणि त्या सहीमागे तू लपली असशील, तर मी तुला काय बोलणार? माझ्या हातात तर कुठलीच सही नव्हती, मासिक नव्हतं, समोर सत्तर बायका होत्या, आणि तरी मीही तेच केलं. दुसऱ्याच्या कुलपावर चिडणं सोपं होतं गं.

काल मी कौसूच्या घरी गेले, कागद घेऊन. म्हटलं, बस, तुला वाचून दाखवायचंय, मी गाळलेलं. ती सूप मांडीवर घेऊन ओसरीत बसली होती. कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "बारावी माझीच ना? मग तू नको वाचूस. जिने मांडलीय तिला बोलव. तिला म्हणावं, आईने ठराव मांडलाय, खुर्ची तुझी. मोठ्याने वाच, मी हात चालू ठेवून ऐकते. आणि इस्पितळात मी तिच्याबरोबरच जाईन, दुसऱ्या कोणाबरोबर नाही." नंतर बराच वेळ ती खोकत होती. हे पत्र त्यासाठी आहे. लवकर ये, बाळ. ओळ मी जपून ठेवली आहे, पण तुझ्या आईकडे फार वेळ नाही.

तुझीच,
नारायणी इळेम्मा