पुढच्या चाकाचा उजवा गाल

१२ जानेवारी २००४, सोमवार. भुकूम.
माझ्या मोटरसायकलचा पुढचा टायर गातो. ही तक्रार मी अत्यंत गांभीर्याने नोंदवत आहे. सरळ रस्त्यावर मौन. पिरंगुटचा घाट उतरताना गाडी उजवीकडे कलली की 'घुंऽऽऽ'. आधी अनुदात्त, मग उदात्त. इतकी वर्षे पौडच्या शाळेत संस्कृत शिकवतोय, पण असा सूर एकाही विद्यार्थ्याला लागलेला नाही.
टायर तपासला. उजवा गाल झिजून खवल्याखवल्यांचा, डावा नव्या नवरदेवासारखा तुकतुकीत.
संकल्प : आठवड्यात कारणाचा छडा.

१३ जानेवारी, मंगळवार
आमची सौ. हेमलता पिरंगुटच्या पतसंस्थेत आहे, तिथवर ती रोज माझ्या मागे बसून येते. घाटात प्रत्येक वळणावर माझा खांदा दाबते. आज विचारले, एवढी भितेस कशाला? "बरं, मी भिते," म्हणाली.
गेल्या श्रावणात उतारावरच्या दुसऱ्या, उजव्या वळणावर खडीने दगा दिला, तेव्हापासूनचे हे तिचे. पडलो, पण किरकोळ. तिच्या बांगड्या फुटल्या, माझा डबा सांडला. मी तर तो प्रसंग केव्हाच विसरलो. गुरुवार होता. डब्यात गवारीची भाजी होती.

१६ जानेवारी, शुक्रवार
तानाजीच्या गॅरेजवर गेलो. त्याने टायरला लाथ मारली, चहा मागवला आणि निदान केले : "सर, वहिनी एका अंगाला बसत्यात न्हवं? समदं वजन तिकडं. टायर वाकडाच झिजनार."
मागे बसणाऱ्याने पुढचा टायर कसा झिजतो, आणि डावीकडे बसल्याने उजवा गाल कसा, हे विचारले नाही. शंका काढत बसले तर विद्या मिळत नाही.

१८ जानेवारी, रविवार. दुपारी.
हेमलताला शास्त्रशुद्ध तोडगा सांगितला : एक महिना डावीकडे पाय सोडून बैस, एक महिना उजवीकडे. आलटून पालटून. झीज समान.
तिने हातातली मेथी खाली ठेवली. "आणि नवरा? तोही आलटून पालटून?"
संक्रांतीचा तिळगूळ अजून डब्यात आहे. उपयोग होताना दिसत नाही.

१९ जानेवारी, सोमवार
हेमलता सिक्स सीटर रिक्षाने गेली. उत्तम. प्रयोगाला आयतीच संधी. ती नाही, म्हणजे आवाज नाही, असे सिद्ध होणार.
आवाज आला. जुन्या झिजेचा संस्कार असणार. नवा टायर टाकायचा, मग बघू.
दुसऱ्या वळणावर तीच सिक्स सीटर मला ओव्हरटेक करून गेली. आत भाजीवाल्या गंगूबाई. ओरडून म्हणाल्या, "मास्तर, बाईंना का उतरिवलं? वजन लई झालं व्हय?" आतले सगळे हसले. हेमलता सर्वांत जास्त.
मी मुद्दाम हळू चाललो होतो. निरीक्षणासाठी.

२० जानेवारी, मंगळवार
नवा टायर टाकला. घाटात संपूर्ण शांतता. तानाजी थोर आहे. हेमलताला सांगितले, बघ, तुझ्यामुळेच होते. ती "बरं" म्हणाली. हल्ली बरं फार म्हणते.

१० फेब्रुवारी, मंगळवार
घाटात हलकेसे 'घुं'. वारा असावा.

२३ फेब्रुवारी, सोमवार
वारा नाही.
टायर कंपनीला खरमरीत पत्र लिहिण्याचा संकल्प. मायना ठरला. पुढचे सुचत नाही.

१ मार्च, सोमवार
नवा टायरही उजव्या गालावर खवले धरू लागला. मागे सहा आठवडे कोणी बसलेले नाही.
आज उतरताना स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिले. पुढचा ब्रेक मुठीत, टायर घासत. उजवे वळण यायच्या आधीपासून, संपून गेल्यावरही. बोटे पांढरी पडली होती. आणि लक्षात आले, खांदा दाबला गेला की ही मूठ सुटायची.
संध्याकाळी हेमलताला विचारले, खांदा का दाबायचीस? म्हणाली, "तुमचा श्वास अडकायचा. पाठीला कळायचं मला."
मग मी सहज म्हटल्यासारखे म्हटले, उद्यापासून येतेस का मागे? डावीकडेच बैस. ती म्हणाली, बघू. सिक्स सीटरमध्ये गप्पा बऱ्या होतात, गंगूबाई तिची जागा धरून ठेवतात.

रात्री, जेवणानंतर.
काळजी टायरची नाही. श्रावणापासून मला त्या वळणाची भीती वाटते, आणि एकट्याने जास्त वाटते. उद्या सकाळी ती मागे बसली नाही तर काय, हे मला माहीत नाही.