नजीबाचा कप

सोमवार, ६ ऑक्टोबर

आली नाही! अकरा वाजले, साडेअकरा वाजले, कॉफी दोनदा उतू गेली — नजीबाचा पत्ता नाही. एकवीस वर्षं दर सोमवारी ती माझ्याकडे कॉफी पिते, तळाच्या गाळात मी तिचं भविष्य बघते; हा कप तिने एकदाच चुकवला, नवरा गेला तेव्हा. शेवटी मीच गुडघे धरत जिना चढले.

तर बाईसाहेब स्वयंपाकघरात आरामात! कॉफी पिऊन झालेली, कप पालथा घालून सुलटा केलेला, आणि तिची भाची ताला त्या गाळाचा फोटो काढतेय. मग फोनमधली भविष्य सांगणारी यंत्राची बाई बोलायला लागली, आवाज असा की गुलाबपाण्यात बुडवून काढलाय. "हबीबती, लाडके, तुझ्या कपात समुद्र दिसतोय. समुद्रापलीकडून कुणीतरी तुझ्याकडे निघालंय."

"ऐकलंस, विदाद?" नजीबा म्हणाली. "निघालाय म्हणे."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. समुद्र कुठून दिसला मेलीला? तालानंच आधी लिहून दिलं होतं ना — नजीबाचा मुलगा फवाज, चार वर्षांपूर्वी मीना बंदरातून नावेत बसला, तेव्हापासून खबर नाही. तिचंच दुखणं तिलाच परत वाढलं, वर साखर पेरून. आणि ही मान डोलावतेय!

बुधवार, ८ ऑक्टोबर

तालाला जिन्यात गाठलं. म्हटलं, माझाही कप बघू दे तुझ्या बाईला. नळाखाली धुतलेला, पुसलेला, कोरा करकरीत कप पुढे केला. त्यात तिला पक्षी दिसला! शिवाय माझ्यासाठी झुरणारा एक उंच पुरुष. मी एकसष्ट वर्षांची!

ताला हसून हसून पायरीवरच बसली. "खाला, निदान उंच तरी आहे!"

मला काडीचं हसू आलं नाही. उद्या हीच बया नजीबाला काय दाखवेल, तेच डोक्यात.

शनिवार, ११ ऑक्टोबर

इथे तरी खरं लिहिते. दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही.

फवाज नाही. गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये हैसम नावाचा मुलगा माझ्या दारात आला. त्याच नावेत होता. तो वाचला, समुद्रापलीकडे पकडून दोन-तीन वर्षं कोंडून ठेवला, मग परत पाठवला. माझ्या या खुर्चीवर बसून त्यानं सांगितलं — नाव उलटली, दोघांनी डिझेलचा एक रिकामा डबा धरला होता, दुसऱ्या दिवशी सकाळी फवाजचे हात सुटले. एवढं बोलून पाणी मागितलं. मी म्हटलं, त्याच्या आईला सांगू नकोस, मी सांगते. पाणी पिऊन तो निघून गेला.

मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. ईद आली, तिचं डोळ्याचं ऑपरेशन आलं, थंडी आली. कारणांना काय तोटा! दर सोमवारी तिच्या कपात बघून एकच म्हणत आले — "वाट मोकळी दिसतेय." बस्स, तेवढंच. कधी तारीख दिली नाही, कधी "येतोय" म्हटलं नाही. तिला आठवडाभर पुरेल एवढंच. हे खोटं मी मापून बोलले. ते यंत्र पोत्यानं ओततंय!

मंगळवार, १४ ऑक्टोबर

यंत्रानं आता वारसुद्धा सांगितला! गुरुवार, २३ तारीख. "प्रिय व्यक्ती उंबरठ्यावर." नजीबानं फवाजच्या खोलीला चुना लावायला माणूस बोलावला. गादी उन्हात टाकली. कसायाला सांगून ठेवलं, कुब्बेच्या तळलेल्या गोळ्यांसाठी मांडीचंच मांस हवं, चरबी नको. सगळ्या इमारतीला तोंडानं सांगत सुटलीय — गुरुवार, गुरुवार.

मी तालाला धरून झापलं. "लाज वाटते का? बाई वेडी होईल! फेकून दे तो फोन!"

तीही काय कमी! कमरेवर हात ठेवून म्हणते, "आणि तुम्ही काय वेगळं करता, विदादखाला? चार वर्षं 'वाट मोकळी, वाट मोकळी' ऐकतेय मी. तुमच्या कपात खरंच दिसतं का काही?"

कानाखाली वाजवणार होते. हात उचललाही. मग खाली केला. पोरगी बोलली त्यात खोटं काय होतं?

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

सांगायला वर गेले. ती चादरींना इस्त्री करत होती. दोन किलो भेंडी निवडून दिली आणि परत आले.

सोमवार, २० ऑक्टोबर

आज स्वतःहून आली. हातात स्वतःचा कप घेऊन! कॉफी प्यायली, गाळ घुसळला, कप बशीवर पालथा घातला, अंगठ्यानं बूड दाबलं. सगळं पूर्वीसारखं. म्हणाली, "यंत्र गुरुवार म्हणतं. तुझं काय म्हणणं, विदाद? नीट बघून सांग. घाई नाही मला."

कप उचलला. ती कपाकडे बघतच नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती, एकटक. आता बोल, आता बोल! आणि बाहेर काय पडलं?

"वाट मोकळी दिसतेय."

"बरं," म्हणाली. कप उचलून स्वतःच विसळला आणि गेली.

थू माझ्यावर! त्या फोनला शिव्या घालते, आणि मी कोण? त्याला निदान समोरच्या बाईचे डोळे दिसत नाहीत. मला दिसत होते.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

सांगितलं. एकदाचं सांगितलं.

सकाळी वर गेले तर ती दाराजवळ खुर्ची टाकून बसलेली. निळा झगा, केस विंचरलेले, आत कुब्बे तळल्याचा वास. माझा तोलच गेला. तिच्यावरच ओरडले! "कोणी येणार नाहीये! ऊठ तिथून! नाहीये तो, नजीबा, चार वर्षांपूर्वीच गेला!" मग हैसम, डबा, सुटलेले हात, सगळं भडाभडा. मीच रडत होते, मीच तिला हलवत होते. शेजारच्या घरातला रेडिओसुद्धा बंद झाला.

नजीबाच्या डोळ्यांत टिपूस नाही. माझे हात खांद्यावरून काढले आणि म्हणाली, "घरी जा, विदाद. खालचं दार उघडं टाकून आली असशील."

धक्का बसलाय तिला. संध्याकाळी तालाला तिच्याजवळ झोपायला पाठवलं. ते मेलं यंत्र नसतं तर हे असं, ओरडून सांगायची वेळ आली नसती. शांतपणे सांगितलं असतं मी. कधीतरी.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

सकाळी खाली आली. आत ये म्हटलं, तर दारातच उभी राहिली.

"हैसम आधी माझ्याकडे आला होता," म्हणाली. "मीच त्याला तुझ्याकडे पाठवलं. म्हटलं, विदाद येऊन सांगेल, तिच्या गळ्यात पडून रडेन. चौदा महिने दर सोमवारी तुझ्यापुढे कप ठेवला. शेवटी हे गुरुवारचं सोंग केलं, म्हटलं आता तरी बोलशील. त्या यंत्रावर कशाला चिडतेस? त्याला काहीच ठाऊक नव्हतं गं."